कधीतरी जेवायला ये

विसीचं दार माझ्या दारासमोर आहे. मधे चार फरशा आणि एक कुंडी. कुंडीतलं झाड नक्की कुणाचं यावर आमचा जुना वाद आहे, म्हणून दोघंही त्याला पाणी घालतो आणि ते कुजत चाललं आहे.

तिचं पूर्ण नाव विसितासिओन. सालामांकात तिच्या वयाच्या बायकांना अशी लांबलचक नावं असतात आणि ती फक्त दवाखान्यात कामाला येतात. नवरा गेल्यापासून ती परदेशी विद्यार्थी ठेवते. विद्यापीठाचं ऑफिस दर सत्राला एक पाठवतं. तो येतो, स्पॅनिश शिकतो, चर्च बघतो, तिच्या हातचं खातो आणि येताना घातलेली पँट जाताना घालू शकत नाही. पॅसेजच्या भिंतीवर त्या सगळ्यांचे फोटो आहेत, प्रत्येकाचे दोन: आल्या दिवशीचा आणि निघायच्या दिवशीचा. नव्या पाहुण्याला ती हे फोटो आधी दाखवते, मग न्हाणीघर.

विसी सगळ्या जगाला 'अरे-तुरे' करते. अपवाद दोनच, डॉक्टर आणि मी. डॉक्टरचं समजतं. मी शाळेत भूगोल शिकवायचो; ज्याला एवढ्या नद्यांची नावं येतात त्याच्याशी जरा सांभाळून असावं, असं तिला वाटत असावं.

गेल्या वर्षी तिचं बिनसलं. आधी एक मुलगी आली, ती मांस खात नव्हती. विसीने तिच्यासाठी मुद्दाम बिनमांसाचे चणे केले. त्यात फक्त हॅम घातलं, कारण हॅम म्हणजे मांस नव्हे, हॅम असतं. मग एक टेक्सासचा मुलगा आला. त्याला ती रोज सकाळी खोलीत शिरून खिडकीची लाकडी झडप खाडकन वर ओढून उठवायची आणि कपाळाला हात लावून ताप बघायची. इतका वेळ झोपणारा माणूस धडधाकट असू शकतो हे तिला पटत नव्हतं. दोघांनीही सत्र अर्धं असताना ऑफिसात जाऊन दुसरं घर मागून घेतलं. ऑफिसवाले काही बोलले नाहीत. तिची मुलगी रेयेस बोलली.

रेयेस माद्रिदला विमा कंपनीत आहे. ती आईला रोज फोन करते, पण गाडी चालवताना, त्यामुळे अर्धी वाक्यं आईला असतात आणि अर्धी पुढच्या गाडीवाल्याला. "आई, आता पुरे झालं. अजून एक जण असा निघून गेला ना, की मी येते आणि तुला इकडे घेऊन येते. खोली तयार आहे. जा ना बाबा, हिरवा झालाय."

ती खोली विसीने नाताळात पाहिली होती. खिडकी आतल्या चौकात उघडते, समोर दुसऱ्यांचे टॉवेल वाळत असतात. कोपऱ्यात जावयाची व्यायामाची सायकल. स्वयंपाकघरातली शेगडी म्हणजे एक काळी काच. ती पेटत नाही, नुसती पिकपिक करते, आणि तिला हात लावायची विसीला परवानगी नव्हती.

"ऑरेलिओ, तिथे मी मरणार नाही," ती मला म्हणाली. "तिथे मला नुसतं ठेवून देतील."

म्हणजे आता सगळं येणाऱ्या विद्यार्थ्यावर होतं. तो जूनपर्यंत टिकला तर विसीचं घर विसीचं. नाही टिकला तर माद्रिद.

जानेवारीच्या शेवटी हेल्मी आली. फिनलंडच्या उत्तरेकडच्या एका गावाची. ते गाव नकाशावर कुठे आहे हे आमच्या इमारतीत फक्त मला माहीत होतं, आणि ते सुख मला अर्धा दिवस पुरलं. उंच मुलगी, पापण्या पांढुरक्या. काही विचारलं की आधी विचार करायची, मग उत्तर द्यायची. आमच्याकडे हे कुणी करत नाही. पहिला आठवडा जिन्यात सगळ्यांना वाटत होतं की तिला ऐकू कमी येतं.

पहिल्या संध्याकाळी ती अनवाणी स्वयंपाकघरात आली. विसीने किंकाळी गिळली, कपाटातून मेलेल्या नवऱ्याच्या सपाता काढल्या आणि बोलण्याऐवजी तिच्या पायांपुढे ठेवल्या. हेल्मीने त्या घातल्या. मग बसली आणि जेवली.

विसी माझ्या दारात आली ती शस्त्रक्रिया संपवून बाहेर आलेल्या डॉक्टरच्या चेहऱ्याने. "खाते," ती म्हणाली. "दोनदा घेतलं. न बोलता."

त्या मुलीसाठी विसी स्वतःला वळण लावत होती, हे मी पाहत होतो. झडप ओढणं बंद केलं. "मी दार वाजवते, ऑरेलिओ. माझ्याच घरात. आतून ती 'या' म्हणते. मग मी आत जाते आणि कशाला आले होते तेच विसरते." दुपारी दोघी टेबलाखाली शेगडी ठेवून, गुडघ्यांवर टेबलाचं जाड कापड ओढून बसायच्या. एक वाचायची, एक शिवायची. दोघीही बोलायच्या नाहीत, आणि विसी न बोलता बसलेली मी त्याआधी फक्त नवऱ्याच्या अंत्ययात्रेत पाहिली होती. मला वाटलं, जमलं.

पण इमारतीत बाकीचेही लोक राहतात.

दुसऱ्या मजल्यावर एवारिस्तो आहे. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. जिन्यात तो हेल्मीला भेटला आणि नव्या माणसाला जे म्हणायचं असतं ते म्हणाला. "काय गं पोरी, विसी उपाशी तर ठेवत नाही ना? कधीतरी ये आमच्याकडे जेवायला."

हे आम्ही सगळेच म्हणतो. हवा कशी आहे, गुडघे कसे आहेत, कधीतरी जेवायला या. एवारिस्तो मला तो इथे राहायला आल्यापासून बोलावतो आहे. मी त्याचं स्वयंपाकघर पाहिलेलं नाही, त्याने माझं पाहिलेलं नाही, आणि म्हणूनच आमचं इतकं बरं चाललं आहे. बोलावणं हे नमस्काराचं लांब रूप. त्याला उत्तर म्हणून 'हो हो, नक्की' म्हणायचं आणि उतरायला लागायचं.

हेल्मी उतरली नाही. पायरीवर थांबली, विचार केला आणि म्हणाली, "कोणत्या दिवशी?"

एवारिस्तोचं सगळं आयुष्य अचानक ब्रेक मारणाऱ्या लोकांच्या शेजारी बसून गेलं, तरी तो दचकला. "कोणत्याही. म्हणजे... आमचं घर तुझंच आहे."

"गुरुवारी?"

"गुरुवारी," एवारिस्तो म्हणाला, कारण त्याला दुसरा शब्दच सापडेना.

गुरुवारी अडीच वाजता तिने त्याची बेल वाजवली. हातात राईच्या बिस्किटांचा पुडा. एवारिस्तोने बनियनवर दार उघडलं. पुढचं मला त्यानेच सांगितलं.

"कोण आहे रे?" आतून बायकोने विचारलं.

"फिनलंडची."

"काय पाहिजे तिला?"

"जेवायला आलीये."

आत पळी भांड्यावर ठेवल्याचा आवाज. मग, "का?"

दोघांपुरती केलेली मसूर तिघांत वाढली गेली. एवारिस्तोच्या बायकोने सांगितलं की तिला आज भूक नाही. हेल्मीने ताट स्वच्छ केलं, आभार मानले. निघताना दारात एवारिस्तो सवयीने म्हणाला, "पुन्हा ये हं." ते तोंडातून बाहेर पडताना त्याला दिसत होतं, पण तो काही करू शकला नाही.

"कोणत्या दिवशी?" हेल्मीने विचारलं.

पहिल्या मजल्यावर ओल्विदो राहते, एकटी. ती दाराच्या भोकाला डोळा लावून इतकी वर्षं उभी आहे की तिथे दाराला तेलकट डाग पडलाय. "एकटीच असते गं मी, ये कधीतरी," असं ती सगळ्यांना म्हणते. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा. हेल्मी रविवारी गेली. ओल्विदोने रविवारसाठी एक अंडं उकडलं होतं. त्याचे दोन भाग झाले. संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्याला कळलं होतं की त्या पोरीच्या डोळ्यांत अनाथाश्रम दिसतो.

मीही म्हणालो होतो. ती मंगळवारी आली. मी सार्डिनचा डबा उघडला, टोमॅटो चिरला आणि फिनलंडच्या नद्यांवर बोललो. ती म्हणाली, आमच्याकडे मुख्यतः तळी आहेत.

आता आमच्या गावात एखाद्या घरचा पाहुणा दुसऱ्याच्या ताटात जेवला, तर पाहुण्याबद्दल कुणी बोलत नाही. लोक पहिल्या घरच्या चुलीबद्दल बोलतात. बेकरीतल्या बाईने विसीला सगळ्यांसमोर विचारलं, "ती उंच मुलगी तुझ्याकडचीच ना, दारोदार जेवते ती?" विसी पाव न घेता परत आली. तीन मजले चढून ती माझ्या दारात उभी राहिली, श्वास जागेवर नव्हता.

"तिला माझं जेवण आवडत नाही."

"दोनदा घेते, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"सभ्य आहे म्हणून घेते. ती टेक्सासवाल्यासारखी नाही, तोंडावर बोलणार नाही. एक दिवस गुपचूप ऑफिसात जाईल." तिने भिंतीला हात टेकला. "आदल्या दिवशी मला सांगते, उद्या मी एवारिस्तोकडे जेवणार आहे. आणि सांगताना चेहरा कसा करते माहितीये? दात उपटायला चालल्यासारखा. लाज वाटते तिला, ऑरेलिओ. माझ्यासाठी."

"मग विचारा ना तिला सरळ."

"काय विचारू? माझ्या टेबलावर बसून मी विचारू, की बाई गं, माझं अन्न गोड लागतं का? चाळीस वर्षं मी—" ती थांबली. "माझ्या सासूने कधी विचारलं नाही. मीही विचारणार नाही."

"मी विचारतो."

"तुम्ही तिला डब्यातले मासे घातलेत. तुम्ही गप्प बसा."

विचारण्याऐवजी तिने जेवण वाढवलं. चण्यांच्या रश्शात आता तीन प्रकारचं सॉसेज पडायला लागलं. ससा आला. बैलाचं शेपूट आलं. दारासमोरचा पॅसेज सकाळपासून तळलेल्या लसणीने भरलेला असे, आणि मी माझ्या खोलीत पाव खात उपाशी माणसासारखा बसून राही. हेल्मी घरी असली की सगळं खायची. पण गुरुवार आला की खाली मान घालून एक मजला उतरायची, आणि विसी दाराच्या फटीतून तिच्या पाठीकडे पाहत राहायची. परतल्यावर मुलीचा रंग उडालेला असायचा. विसीने त्याचाही अर्थ लावला: पश्चात्ताप.

ओल्विदोने रेयेसला फोन केला. काळजीपोटी केला, असं ती आजही सांगते.

आमच्याकडे ईस्टर होऊन एक आठवडा गेला, की त्यानंतरच्या सोमवारी सगळं गाव दुपारी तोर्मेस नदीच्या काठावर जेवायला बसतं. या सणाचं मूळ काय ते बायकांसमोर विचारू नये, ओल्विदोसमोर तर मुळीच नाही. ओर्नासो खायचा: पिठाच्या जाड आवरणात सॉसेज, डुकराचं मांस आणि उकडलेली अंडी भरून भाजलेला. त्याच्या आदल्या दिवशी रेयेस गाडी घेऊन आली. मागची सीट सामानासाठी आडवी केलेली होती.

"मंगळवारी सकाळी निघायचं, आई. मी सुट्टी टाकलीये. त्या मुलीची सोय ऑफिस करेल."

"ती गेलेली नाही अजून."

"सगळ्या गावात जेवत फिरतेय ती. अजून काय जायचं राहिलंय?"

विसीने पिठाचा डबा काढला. पीठ मळायला घेतलं. तो ओर्नासो मी पाहिला आहे. बसच्या चाकाएवढा होता. एखाद्याने शेवटची साक्ष द्यावी तसा तो तिने भाजला.

नदीकाठी आमची इमारत नेहमीच्या चिनारांखाली बसली. एवारिस्तो आणि त्याची बायको, ओल्विदो घडीच्या खुर्चीवर, मी, रेयेस काळा चष्मा लावून. हेल्मी गवतावर, मांडीवर ताट घेऊन. विसी सुरीने ओर्नासो कापत होती आणि कुणाकडे पाहत नव्हती.

"हेल्मी," रेयेस म्हणाली, "एक विचारू? खरं सांग. कुणाला वाईट वाटेल म्हणून मनात ठेवू नकोस."

हेल्मीला असं सांगायची गरज नव्हती, पण रेयेस नवीन होती.

"आईकडे तुझं पोट भरत नाही का?"

हेल्मीने विचार केला. एवारिस्तोचं चावणं थांबलं. विसीची सुरी पिठात अर्ध्यावर उभी राहिली. नदी, जी कुणासाठी थांबत नाही असं म्हणतात, तीही मला जरा हळू वाटली.

"भरतं," हेल्मी म्हणाली. "जास्त भरतं."

"मग दुसऱ्यांकडे का जेवतेस?"

"ते बोलावतात."

"आणि तू जातेस?"

"मला वाटलं इथली पद्धत असेल. नवीन माणसाने प्रत्येक घरी जेवायचं. मी ठरवलं होतं, लवकर आटपून टाकू. पण जेवून निघाले की ते पुन्हा बोलावतात." तिने क्षणभर एवारिस्तोकडे पाहिलं. "हे कधी संपतं ते मला कुणी सांगितलं नाही. गुरुवारी विसी चणे करते. मला गुरुवारी घरी जेवायचं असतं."

मग एवारिस्तोची बायको म्हणाली, "आमच्या मसुरीला काय झालं होतं?"

"करपली होती."

"एकदाच करपली."

"हो," हेल्मी म्हणाली. "नंतर मीठ नव्हतं."

"अगं बाई," ओल्विदो खुर्चीत हलली, "आपण आपलं सहज म्हणतो—" आणि तिने स्वतःची जीभ चावली, पण उशीर झाला होता.

विसीने सुरीसकट तोंड वळवलं. तिच्या गालांवर, कित्येक आठवड्यांनी, रंग चढत होता. "सहज म्हणजे काय, ओल्विदो?"

"सहज म्हणजे... मनापासून."

"म्हणजे तू तिला खरंच बोलावलं होतंस."

"खरंच."

"अर्ध्या अंड्याला."

"अंडं मोठं होतं," ओल्विदो म्हणाली.

"आणि तू, एवारिस्तो?"

एवारिस्तोने बायकोकडे पाहिलं, बायकोने नदीकडे. अख्ख्या गावासमोर, शेजारच्या चादरींवरचे लोकही कान देऊन ऐकत असताना, मी उगाच म्हणालो होतो असं सांगणारा माणूस सालामांकात अजून जन्मायचा आहे. "मनापासून," तो म्हणाला.

"छान. मग ती आली यात तिचंही चुकलं नाही आणि माझ्या चुलीचंही नाही. बोलावलंत, आली. आता पोरीची परीक्षा जवळ आली आहे, तिला माझ्याकडे जेवू दे. कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. एवारिस्तोच्या चेहऱ्यावर तर सुटका झालेल्या कैद्याचं तेज होतं. मी सार्डिनबद्दल कुणी विचारेल म्हणून पानांकडे बघत होतो, पण मला कुणी विचारलं नाही.

रेयेसने मान हलवली. "ठीक आहे. गैरसमज झाला. पण आई, ही जूनमध्ये जाईल, आणि पुढच्या वेळी पुन्हा हेच. आज ना उद्या यायचंच आहे तर उद्याच चल. खोली केव्हाची तयार आहे."

हेल्मीने घास खाली ठेवला. "उद्या किती वाजता? मला घर शोधावं लागेल." त्यात तक्रार नव्हती. तिला फक्त वेळ हवी होती.

रेयेसने चष्मा काढला. "उद्याच्या उद्या असं नाही... म्हणजे आई, तू उद्या आलीस तर काही दिवस दिवाणखान्यात झोपावं लागेल. तुझा जावई सध्या त्या खोलीत बसून ऑफिसचं काम करतो. मोठं टेबल आणलंय त्याने. ते कुठे हलवायचं ते बघावं लागेल. मेमध्ये वगैरे. उन्हाळ्यात आम्हीच नसतो. सप्टेंबर उजाडला की मग..."

"सप्टेंबरात कोणत्या दिवशी?" विसीने विचारलं.

रेयेसने गवत उपटायला सुरुवात केली. ती गाडी घेऊन आली होती हे खरं होतं, सुट्टी टाकली होती तेही खरं. फक्त मंगळवारच्या पुढचा विचार तिने केला नव्हता. तिथे टेबल होतं आणि टेबलामागे नवरा.

"आई, मी मनापासून म्हणते."

"माहीत आहे गं," विसी म्हणाली, आणि सगळ्यात मोठा तुकडा, दोन अंडी दिसत होती तो, तिच्या ताटात टाकला.

परतताना जुन्या पुलावर विसी माझ्याबरोबर मागे राहिली. पुढे रेयेस आणि हेल्मी, दोघींच्या मधे रिकामं ताट. पाण्यात सगळ्या गावाचे पाय उलटे चालले होते.

"मला जायचं नव्हतं," विसी म्हणाली.

"माहीत आहे."

"मेले असते तरी गेले नसते."

"तेही माहीत आहे."

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण तिने थोडं ओढायला हवं होतं, ऑरेलिओ. हाताला धरून. जरा तरी."

यावर भूगोलात काही नाही. मी तिच्या हातातली पिशवी घेतली. पुलाच्या टोकाला ती थांबली, नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उद्या मंगळवार असला तरी अडीच वाजता चणे आहेत. या. वेळेवर या, आणि येताना काही आणू नका, मासे तर नाहीच."

मंगळवारी सकाळी रेयेस निघणार होती. ती अडीचपर्यंत थांबली. आम्ही चौघं टेबलाभोवती बसलो, गुडघ्यांवर कापड ओढून. हेल्मीने तीनदा घेतलं. रेयेस म्हणत होती, मी एवढं खात नाही, डॉक्टरने सांगितलंय, आणि तिचं ताट भरत होतं आणि रिकामं होत होतं.

"ही गेल्यावर कोण येणार?" तिने चमचा चाटत विचारलं.

"येईल कुणीतरी."

"आणि टिकलं नाही तर?"

"तर मग दुसरं कुणी. तुला फोनवर कळेलच, ओल्विदो आहे."

रेयेस हसली. कॉफी उकळेपर्यंत ती टेबलावरच झोपली होती, गाल हातावर, तोंड थोडं उघडं, कपाळावर माद्रिदची आठी तशीच. हेल्मी ताटं उचलायला लागली तशी विसीने बोट ओठांवर ठेवलं. ती उठली, खिडकीशी गेली आणि लाकडी झडप आवाज न करता, पट्टीपट्टीने खाली सोडली. खोलीत अंधार झाला.

"जा आता दोघं," ती आम्हाला कुजबुजत म्हणाली. "तिला एवढं लांब गाडी चालवायचीये."